कोण इन-ग्यू?

उइसंग, ७ मार्च २०१२

पोरी,

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं पोरी लिहिलं.

तुझं कार्ड पोचलं. लग्नाचं कळवलंस त्यानंतरचं हे पहिलंच. पाकिटामागे पाठवणाऱ्याचं नाव तू आपल्या कोरियन लिपीत लिहिलं होतंस, मला वाचता यावं म्हणून. हान्ना लिंडक्विस्ट. पोस्टमन फाटकाशी थांबून मोठ्याने वाचत होता. "आजी, हे कोण हो? अमेरिकेत कोण तुमचं लिंडक्विस्ट?"

मी म्हणाले, "कोण जाणे. पत्ता चुकला असेल." आणि असं म्हणत पाकीट त्याच्या हातातून हिसकूनच घेतलं. तो हसला आणि गाडीला किक मारून गेला. मी तिथेच उभी. पोटच्या पोरीला ओळखत नाही म्हणाले, आणि तेही पोस्टमनला. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल.

तुझं आडनाव गेलेलं पाहिलं. तुझ्या बाबांच्या घरी मी आले तेव्हा सासूने माझ्या पेटीतला कपडान् कपडा चाळला, मला कधी डोळाभर झोपू दिलं नाही, पण माझं प्यो आडनाव प्योच राहिलं. ते घालवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. (खरं सांगू? त्यांना त्यांचं आडनाव मला द्यायचंच नव्हतं. परकीला कशाला!) आणि तू एवढी शिकलेली, स्वतंत्र देशात राहणारी, नवऱ्याच्या हाती आडनाव ठेवून मोकळी झालीस? ग्वोन गेलं. हू-नामही गेलं. मग तुझ्यावर आमचं म्हणून राहिलं काय? नाक तेवढं राहिलं असेल.

रागाने लिहीत नाहीये. थोडी रागानेच लिहितेय.

बाळ सप्टेंबरात होणार हे वाचलं. त्याखाली तू लिहिलंस, "बाबांना सांग, नाव आम्ही ठेवू. त्यांनी एकदा ठेवलंय, पुरे झालं." ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन चिरायला बसले. शेजारीण डोकावली आणि म्हणाली, काय झालं गं? मी म्हणाले, कांदा. हातात मुळा होता.

तुझं बरोबर आहे, असं मी म्हणणार नाही. चूक आहे असं म्हणायलाही तोंड नाही. दर वर्षी नवा मास्तर हजेरी घेताना तुझ्या नावाशी थांबायचा. "ग्वोन हू-नाम? म्हणजे मागून मुलगा? मग आला का मागून मुलगा?" सगळा वर्ग खिदळायचा. तू घरी येऊन दप्तर आपटायचीस, आणि मी म्हणायचे, "सांग ना त्यांना, आला म्हणून!" केवढ्या तोऱ्यात म्हणायचे. फिल-जे तेव्हा माझ्या पाठीवर बांधलेला असायचा.

त्याची लेक इसल आता धावायला लागलीय. इसल म्हणजे दव. चिनी अक्षरांत ते लिहिता येत नाही, म्हणून बाबा अजून तिला 'ती पोर' म्हणतात. "गवतावर पडतं ते नाव माणसाला?" असं एकदा म्हणालेही. सूनबाईने देगूहून फोनवर स्पष्ट सांगून टाकलं, दुसरं मूल होणार नाही. त्या दिवसापासून बाबांनी घराण्याची गोष्ट काढणं सोडलंय.

त्यांना तुझं वेळ बघून सांगते. तू नीट खा.

आई


उइसंग, २ एप्रिल

पोरी,

बाबांना सांगितलं. काही बोलले नाहीत. नाव तुमचं तुम्हीच ठेवा म्हणाले. म्हणजे अगदी तशा शब्दांत नाही, पण मान हलवली. तू ते डोक्यातून काढून टाक.

बाकी सगळं ठीक. लसणाची पात गुडघ्याला लागायला आलीय. परवा बाबांनी मला माळ्यावर चढवून शाईचा दगड आणि कुंचले काढायला लावले. कशाला म्हटलं, तर म्हणे हात चालतो का बघतो. सगळी दुपार कागद काळे करत बसले. मला त्या अक्षरांतलं काय कळतं? जेवताना आपणहून म्हणाले, "ड्रॅगनचं वर्ष आहे हे." मी म्हटलं, हो. मग म्हणाले, "हू-नामला लहानपणी खेकडा आवडायचा ना?" मी म्हटलं, तिला कधीच आवडला नाही, फिल-जेला आवडतो. नंतर पुन्हा म्हणाले, "मग तिला काय आवडायचं?"

मी सांगितलं, लसणाच्या देठाची लोणची. पाठवू का? तिकडच्या कस्टमवाल्यांना वास सोसेल का?

हल्ली ते घराण्याच्या थोरल्या घरी बरेच जातात. पूर्वजांच्या विधीची काहीतरी बोलणी असतात. कशाबद्दल ते तू विचारू नकोस, मला ठाऊक नाही.

मुलगा की मुलगी ते तिकडे आधी सांगतात म्हणे. तुला कळलं तरी इकडे कळवू नकोस. इकडे लोकांना वाट बघायला आवडतं.

आई


उइसंग, १८ जून

पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा लसूण काढणीची घाई होती. हाताला अजून वास आहे, या कागदालाही लागला असेल. नवरा बाळासाठी स्वतः पाळणा करतोय हे वाचून बरं वाटलं. सुतारकाम येतं म्हणजे माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

इकडे बाबांच्या अंगावरच्या पांढऱ्या कोटाची बाही उसवलीय. विधीला घालायचा तोच कोट. थोरल्या घरून आले ते बाही लोंबत, गुडघ्यांना माती. पडले असतील. वय झालंय. मी शिवायला घेतला तर म्हणाले, "राहू दे, पुन्हा कुठे घालायचाय." त्यांना ऐकू कमी येतं हे तुला ठाऊक नसेल. त्यामुळे तू फोन करू नकोस. शिवाय आपल्या लाइनीत बिघाड आहे, खरखर येते.

एक विचारू? तिकडे मुलाला दोन नावं ठेवतात म्हणे. पुढचं हाक मारायला आणि एक मधलं. मधल्या नावाने कुणी हाक मारत नाही असं फिल-जे म्हणाला. मग ती जागा रिकामीच असते की. रिकाम्या जागेत आपल्याकडचं एखादं नाव बसवलं तर तुमच्या लिंडक्विस्टांना काही टोचणार नाही. मला सहज सुचलं, इन-ग्यू. कसं वाटतं? मलाच सुचलं, हं. भाजी निवडताना. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.

नुसतं मधे ठेवायचं. कुणी हाकही मारणार नाही.

विचार कर आणि मला लिही. मलाच लिही.

आई


उइसंग, २५ जुलै

पोरी,

वेड लागलंय का तुला? माझं नाव?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या एरिकच्या घराण्यात मधल्या नावाला आजी-आजोबांचं नाव देतात, म्हणून तू माझं नाव लावणार आहेस. अगं, थोरल्यांचं नाव बाळाला? आपल्याकडे वडिलांचं नाव विचारलं तर एकेक अक्षर सुटं सुटं करून सांगतात, सलग उच्चारत नाहीत, आणि तुम्ही ते लंगोटातल्या पोरावर चिकटवणार? उद्या ते पोर गादी ओली करेल, तेव्हा तू त्या नावाने खेकसणार. म्हणजे खेकसणार कुणावर? तुझ्या सासऱ्याचं नाव एरिकच्या भावाच्या पोराला आहे म्हणतेस. मग जेवायला हाक मारली की दोघंही येतात का?

आणि द्यायचंच तर नाव तरी धड हवं. सो-उन. तुला काय त्याचा अर्थ ठाऊक नाही? मी तिसरी मुलगी. दाराशी शेजाऱ्याने विचारलं, काय झालं? माझे वडील म्हणाले, "सो-उन." मन खट्टू झालं, बस. शेजाऱ्याला वाटलं नाव सांगितलं. मग तेच नाव झालं. असलं नाव तू समुद्रापार नेऊन जिवंत ठेवणार?

तू म्हणतेस, तिकडे कुणाला त्याचा अर्थ कळत नाही, तिकडे ते नुसतं ऐकायला गोड आहे. म्हणतेस, "आई, तुझं नाव कुणी घेतलेलं मी आयुष्यात ऐकलं नाही." ते खरंय. सरकारी दवाखान्यातल्या पोरी घेतात, "प्यो सो-उन आजी, आत या." मी पहिल्यांदा उठलेच नाही. दुसरीच कुणी असेल वाटलं. गावात मी फिल-जेची आई. बाबासुद्धा तसंच हाक मारतात. फिल-जे व्हायच्या आधी ते मला 'अगं ए' म्हणायचे.

तू आधी झालीस. हू-नामची आई मला कुणी म्हटलं नाही. कुणी एकदा म्हणालं असतं तर मी वळून पाहिलं असतं का, हा विचार मी काल भांडी घासताना केला. मला उत्तर आवडलं नाही, म्हणून तुला लिहीत नाही.

इन-ग्यूबद्दल तू एवढंच लिहिलंस, "हे नाव तुझं वाटत नाही." तुझी जीभ लहानपणापासून अशीच. माझंच आहे म्हटलं ना. पण राहू दे. नको तर नको.

उन्हाळा फार आहे. बाबा बरे आहेत, जेवतात. आजकाल गावातल्या पारावरसुद्धा बसतात, पूर्वी कधी बसायचे नाहीत. लोकांना सांगतात, सप्टेंबरात नातू होणार. मी म्हणते, नातू की नात कुणास ठाऊक. ते हसतात. हसले की बरे दिसतात गं. ते तू फार पाहिलेलं नाहीस.

फोन अजून बिघडलेलाच आहे.

आई


उइसंग, २० सप्टेंबर

हू-नाम, हान्ना, पोरी,

फोन कधीच बिघडला नव्हता.

तू फोन केलास तेव्हा मी अंगणात चटईवर मिरच्या वाळत घालत होते. आतून बाबांचा आवाज आला. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते समोरचाही बहिरा समजून ओरडतात. "हॅलो! हू-नाम का? मी! बाबा! झालं का? सुखरूप? हॅलो!" मी मिरच्या टाकून धावले. दारात पोचले तेव्हा ते दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून उभे होते, आणि तोंडभर हसत ओरडत होते, "इन-ग्यू कसा आहे? इन-ग्यू रडतोय का तो?"

मग थांबले.

"काय? कोण म्हणजे? इन-ग्यू! आपला इन-ग्यू!"

तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "बरं. जप." आणि रिसीव्हर ठेवला. मला बोलू द्या म्हणायचं धाडस झालं नाही.

"मुलगी आहे," ते म्हणाले.

"हो का?"

"फिल-जेची आई, तिने नाव मागितलं होतं ना माझ्याकडे?"

मी रिसीव्हर नीट बसवला.

"तू म्हणालीस, तिने विनवून मागितलंय. बाबांनीच ठेवावं म्हणाली, असं म्हणालीस."

"म्हणाले."

"मग ती काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. त्यांनी एकदा ठेवलंय, पुरे झालं. तुझे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. तेव्हा मार्चमध्ये सांगितले असते तर एवढे लागले नसते. आता ते सहा महिने मुरले होते.

ते ओरडले नाहीत. अंगणात जाऊन मिरच्या उलटवत बसले. त्या मी नुकत्याच उलटवल्या होत्या.

तुला कळायला हवं म्हणून सगळं लिहिते. मार्चअखेर मी त्यांना तुझ्या बाळाचं सांगितलं तेव्हा ते आधी काहीच बोलले नाहीत, एवढंच खरं. मग म्हणाले, "मुलगा झाला तर त्याला ग्यू लावू." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ग्यू हे आपल्या घराण्याचं त्या पिढीचं अक्षर, सगळ्या मुलग्यांच्या नावात घालायचं. ते फिल-जेच्या मुलाला लागायचं. लेकीच्या पोराला ते लागत नाही, लेकीचं पोर दुसऱ्याच्या वंशाचं. हे मला तुझ्या बाबांनीच शिकवलंय. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "फिल-जेला मुलगा नाही. अक्षर माझ्याकडे सडत पडलंय. हू-नामचा मुलगा तो माझाच की. इन-ग्यू. इन म्हणजे माणुसकी. नाव पाठ आहे मला, कितीतरी वर्षांपासून." मग जरा घाबरत विचारलं, घाबरत गं, तुझे बाबा! "तिला चालेल का?"

मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "तिलाच हवंय. तिनेच विनवून सांगितलंय."

तुला मात्र लिहिलं की ते काही बोलले नाहीत. तू रागावली असतीस. पुन्हा पत्रंच बंद केली असतीस. मला वाटलं, दोघं एकेक पाऊल पुढे येतायत, मधलं अंतर मी तोंडाने भरून काढीन. मूल झाल्यावर कोण भांडतं? तेव्हा सांगू, तेव्हा सगळे हसू.

तुझ्या त्या होकारावर, जो मी दिला, बाबा थोरल्या घरी गेले. घराण्याचा वारस म्हणून तिथे आता जोंग-सिक बसतो, वयाने बाबांहून किती लहान. सगळ्या जमलेल्या माणसांसमोर त्यांनी विनंती केली, लेकीच्या मुलाला आपलं अक्षर द्यावं. लोक हसले. "बाहेरचा नातू, त्यातून निळ्या डोळ्यांचा! उद्या आमच्या बैलालाही ग्यू लावा काका!" जोंग-सिक म्हणाला, "तुम्हीच ना दहा माणसांत म्हणायचात, मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी?" ते खरंच म्हणायचे. मी ऐकलंय. तूही ऐकलंयस. बाबा गुडघ्यांवर बसले, त्या जोंग-सिकसमोर. तो हात धरून उठवायला आला, त्यांनी हिसडा दिला, तेव्हा ती बाही उसवली. म्हणाले, "तुम्ही दिलं नाही तरी मी त्याला त्याच नावाने हाक मारणार. माझ्या मुलीने मागितलंय." हे सगळं मला जोंग-सिकच्या बायकोने बाजारात सांगितलं. आणि मी तुला लिहिलं, पडले असतील.

माझ्या मुलीने मागितलंय. या एका वाक्यावर ते गुडघे टेकून बसले, आणि ते वाक्य माझं होतं.

तुला वाटत राहिलं, बाबा तसेच आहेत. त्यांना वाटलं, तू तशी राहिली नाहीस. तुम्हा दोघांशीही मीच खोटं बोलले, रोज जेवायला वाढत वाढत.

काल सकाळी पुन्हा त्या मिरच्यांपाशी बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हू-नाम हे नावच नव्हतं. मी तिला हाक मारायचो तेव्हा बोलवत दुसऱ्यालाच होतो." एक मिरची उलटवून म्हणाले, "आणि ओ ती द्यायची. दर वेळी धावत यायची."

पोरी, ते नाव त्यांनी ठेवलं, पण ते ठेवताना मी खाटेवर पडून होते, जागी होते, आणि मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, या नावाने तरी पुढचा मुलगा होईल. असल्याच नावाची मुलगी मी, मला तरी कळायला हवं होतं.

तुझ्या बाळंतपणाला मी तिथे नाही. समुद्रशेवाळाचं सूप तुला कोण करून घालतंय? वाळवलेलं शेवाळ पार्सलने पाठवलंय. एरिकला सांग, आधी भिजवायचं, आणि थोडंच घ्यायचं, ते फुगतं.

आई


उइसंग, ११ नोव्हेंबर

पोरी,

सणाला तुझं पत्र आलं नाही, तेव्हा वाटलं, आता येणारच नाही. मग आलं, आणि ते वाचून वाटलं, नसतं आलं तर बरं. तू लिहिलंस, "बाबांनी मला वाईट नाव दिलं, पण निदान तोंडावर दिलं. तू मागून केलंस." लिहिलंस, "माझ्या नावाने तू माझ्या बापाला गुडघ्यांवर बसवलंस." मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. सगळं. माझ्याबद्दलचं हळू वाचलं, तर ते म्हणाले, "मोठ्याने."

शेवटी तू लिहिलंस की एवढी चिडली होतीस, माझं नाव काढूनच टाकणार होतीस, पण हॉस्पिटलात आधीच नोंदवून झालं होतं. इंग्रिड सो-उन लिंडक्विस्ट. ते वाचून बाबा हसले. फोनच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "म्हणजे वेळेवर चिडली असती तर काढूनच टाकलं असतं," म्हणाले, "मुलगी माझ्यावरच गेलीय." मग म्हणाले, "मुलीला ग्यू लावायला गेलो असतो तर जोंग-सिकला फेफरंच आलं असतं." आणि पुन्हा हसले, पण या वेळी थोडंच.

फोटो मिळाला. डोळे कुणाचे ते कळत नाही, मिटलेले आहेत. कान मात्र आमचे. बाबांनी तो जेवायच्या चौरंगाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलाय. इंग्रिड त्यांना म्हणता येत नाही. मलाही नाही. इन-गु-रि-दु असं काहीतरी होतं, आणि मधेच ते अडखळतात, कारण पुढचं अक्षर ग्यू यावं अशी जिभेला सवय झालीय. म्हणून त्यांनी ठरवलं, मधल्याच नावाने हाक मारायची. तुमच्याकडे मारत नसतील, आमच्याकडे चालतं.

गेल्या आठवड्यात मी चुलीपाशी कोबी मिठात घालत होते. आतून आवाज आला, "सो-उन! सो-उन!"

मी म्हणाले, "काय हो?"

मी हात पुसत गेले. ते फोटोसमोर बसलेले, मान खाली. कानांच्या पाळ्या लाल.

"तुला नाही," ते म्हणाले.

"मग?"

"हिला." बोटाने फोटो दाखवला. मी वळले तेव्हा मागून म्हणाले, "मिठात हात आहेत का? मग झाल्यावर ये." कशाला ते सांगितलं नाही. मी गेले. दोघंही फोटोसमोर बसलो. नाव काही पुन्हा घेतलं नाही त्यांनी.

त्यांनी मला एकदा विचारलं, तिला तिकडे काय म्हणतात? मी म्हटलं, हान्ना. म्हणाले, "हाना? म्हणजे आपल्या मोजणीतलं एक?" मी म्हटलं, नाही, ते तिकडचं नाव आहे, त्यांच्या देवाधर्मातलं. त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकू आलं नाही. तू एकपासून सुरुवात केलीस असं त्यांच्या डोक्यात बसलंय. मी दुरुस्त केलं नाही. हे खोटं म्हणायचं का ते तूच ठरव.

तुझी माफी कशी मागायची ते मला येत नाही. आपल्याकडे आईने मुलीची माफी मागायची पद्धत नाही, आणि असती तरी माझ्या शब्दावर आता तू विश्वास का ठेवावास? पत्रं लिहू नको म्हणालीस तर लिहिणार नाही. शेवाळ पाठवत राहीन.

आज बाबा म्हणाले, कागद घे, मी सांगतो ते लिही. स्वतः का लिहीत नाही म्हटलं तर म्हणाले, चिनी अक्षरं तिला वाचता येत नाहीत, आणि आपल्या अक्षरांत माझा हात वाईट आहे. तर पुढचं त्यांचं आहे.

'बाबा बोलतोय. मी बरा आहे. दात एक पडला. लसूण या वर्षी चांगला झाला. बाळाला थंडीत डोक्यावर टोपी घाल, तिकडे बर्फ फार असतो असं टीव्हीवर दाखवतात. तुझा नवरा माझ्याशी बोलणार असेल तर त्याला मोठ्याने बोलायला सांग.

लग्नाला मी आलो नाही. गेली ती गेली असं म्हणालो होतो. तू ऐकलं होतंस का मला माहीत नाही. ऐकलं असशील.

हू-नाम हे नाव मी परत घेतो. त्याच्या जागी दुसरं देत नाही. तुझं तू घेतलंस ते बरं केलंस. आता तुला काय म्हणून हाक मारायची ते लिहून कळव. तुझं पत्र येईपर्यंत मी फोन उचलणार नाही, कारण उचलला तर तोंडातून जुनंच निघेल.'

एवढं सांगून ते म्हणाले, वाच. मी वाचलं. म्हणाले, "पुन्हा वाच. काही गाळू नकोस. बरं वाटावं म्हणून काही घालूही नकोस."

पुन्हा वाचलं. ते ओठ हलवत ऐकत होते, एकेक शब्द तपासत. मग कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी त्यांनीच घातली.

आई